जावयांच्या न्हाणावर जगलेला झेंडू

वैशाख लागला की भातकुली रोडवरची माणसं आपापल्या विहिरीत डोकावून पाहतात. जमुना पंचांगात डोकावून पाहायची. अक्षर बारीक, म्हणून नवऱ्याला ओट्यावर बसवायचं, त्याच्या नाकावर चष्मा चढवायचा आणि विचारायचं, "सांगा, पुढच्या पंधरवड्यात लग्नतिथी किती?"

"दोन हायेत," भगवंत म्हणायचा.

"दोनच? अन् मंग माहा झेंडू कशावर जगन?"

रस्त्यानं जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटे, उन्हानं बाईचं डोकं फिरलं. पण तिचं डोकं ठिकाणावर होतं. झेंडूचं आणि लग्नाचं नातं तिच्या मळ्यात फार सरळ होतं: लग्न झालं की पाणी यायचं, नाही झालं की नाही.

झालं होतं असं. अमरावती पसरत पसरत एक दिवस जमुनाच्या मळ्याच्या बांधाला, धुऱ्याला येऊन टेकली. धुऱ्याच्या पलीकडं वामनरावांनी मंगल कार्यालय बांधलं. पहिल्याच हंगामात लग्नामागून लग्नं लागली, आणि प्रत्येक पंगतीनंतर पिवळसर पाण्याचा एक लोट धुरा फोडून जमुनाच्या वांग्यात शिरू लागला. भाताची शितं वांग्याच्या बुडाशी, वरणाचा तवंग आळ्यात, आणि वास असा की भाजी तोडायला आलेल्या बाया पदर नाकाला लावून परत जायच्या. शेजारची शकुन म्हणाली, "जमने, तक्रार कर. मी येतो तुह्यासंगं."

जमुना एकटीच गेली. तावातावानं, पदर खोचून, तोंडात चार शब्द तयार ठेवून. वामनरावही तिला येताना पाहून हाताची घडी घालून मागच्या दारात उभे राहिले. आणि तिथंच जमुनाची पावलं थबकली. मागच्या अंगणात बाया डेगं विसळत होत्या. नळांच्या रांगेत वऱ्हाडी हात धुऊन राहिले होते. न्हाणीघरात नवरदेवाच्या मित्रांचा दंगा चालला होता. आणि हे सगळं पाणी, इतकं पाणी, एका नालीत पडून खळाळत निघालं होतं. तिच्या स्वतःच्या विहिरीत त्या घडीला कासव तेवढं दिसत होतं.

तिचा राग कुठं गेला ते तिलाच कळलं नाही.

"वामनभाऊ, हे पाणी कोनाचं?"

"कोनाचं म्हणजे?" वामनराव गडबडले. "नालीचं."

"मंग मले द्या."

भांडायला सज्ज झालेल्या माणसाला कुणी उपकार मागितले तर तो काय करणार? घडी घातलेले हात सोडून वामनराव म्हणाले, "घेऊन जा बाई. सगळंच घेऊन जा."

जमुना माहेरची अकोल्याची. तिच्या लहानपणी घरात पाणी म्हणजे गडी असे. त्याला तीन कामं केल्याशिवाय सुट्टी नाही. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, लुगडी पिळलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी अंगणातल्या पपईला. त्यामुळं एकच काम करून नालीत पळून जाणारं पाणी पाहिलं की तिचा जीव कळवळे. पण आता प्रश्न होता तो तेलाचा, साबणाचा आणि शितांचा. ते तसंच झाडाला घातलं तर झाड मरतं, हे तर वांग्यांनी दाखवूनच दिलं होतं.

इथं कामी आला जावई. मुलगी गीतांजली त्याच वर्षी, त्याच कार्यालयात लग्न होऊन अकोल्याला गेली होती. जावई नितेश तिथं पाइपांच्या दुकानात होता. अबोल माणूस, दहा वाक्यांचं काम एका मानेच्या हलवण्यात उरकायचा. पहिल्या दिवाळसणाला तो नवा शर्ट घालून आला. पाट मांडला जाईल, ओवाळणी होईल, असं त्याला वाटलं असावं. सासूनं त्याला हाताला धरून धुऱ्यावर नेलं.

"जवाईबापू, इथून इथपर्यंत पाइप टाकाचा म्हटलं तं किती लागन?"

नितेशनं एकदा कार्यालयाकडं पाहिलं, एकदा मळ्याकडं. मग शांतपणे शर्ट काढून बाभळीला अडकवला आणि कुदळ मागितली. ती दिवाळी त्यानं खड्ड्यात काढली. पुढच्या सणांनाही तसंच. गीतांजली अकोल्याला मैत्रिणींना सांगायची, "बाकीचे जवाई सासुरवाडीहून मिठाई घेऊन येतेत. आमचे हाताले फोड घेऊन येतेत."

नितेशला दुकानात येणाऱ्या एका जुन्या मिस्त्रीनं रीत समजावून दिली होती. संडासाची लाइन पूर्ण वेगळी ठेवायची. बाकीचं पाणी आधी एका खोल टाक्यात उतरवायचं, तिथं तेल वर राहतं, गाळ खाली बसतो. तिथून ते गिट्टी आणि रेतीच्या लांबलचक वाफ्यात सोडायचं. वाफ्यावर कर्दळ आणि अळू दाट लावायचे. मुळांतून पाझरत पाझरत पाणी शेवटच्या हौदात येतं तोवर निवळतं. ऐकायला सोपं. करताना पहिली कर्दळ सडली. मग शितांनी पाइप चोंदला आणि दोन जाळ्या बसवाव्या लागल्या. मग शेजारच्या बैलानं अळू खाल्ला आणि त्याच्या घशाला खाज सुटून तो दिवसभर ठणाणा करत राहिला.

पण एका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हौदात पाणी आलं. निवळ. तळाची गिट्टी दिसावी असं. जमुनानं ओंजळ भरली, नाकाशी नेली.

"वासच नाई हो! गीताचे बाबा, वासच नाई!"

आणि तिनं ती ओंजळ भगवंतच्या अंगावर उडवली, दुसरी नितेशच्या, तिसरी कामावरून येणाऱ्या शकुनच्या. हे पाणी प्यायचं नाही, हे तिलाही कळत होतं. पण नाचायला त्याची काही हरकत नव्हती. पन्नाशीची बाई हौदाभोवती लहान पोरीसारखी फिरली.

पाण्यामागून तिनं उकिरड्यावर हात घातला. कार्यालयामागं पडणारे हार, मुंडावळ्या, भाजीची देठं, केळीचे खांब, सगळं तिच्या खतखड्ड्यात जाऊ लागलं. थर्माकोलच्या ताटांवर तिचा फार दात. "हे माती बी खात नाई, ढोर बी खात नाई," असं म्हणत ती वामनरावांच्या मागं इतकी लागली की त्यांनी कंटाळून पळसाच्या पत्रावळी सुरू केल्या. आणि गंमत अशी की पत्रावळीवरचं जेवण पाहून गिऱ्हाइकं वाढली. लग्नातला हार खड्ड्यात, खड्ड्यातलं खत झेंडूला, आणि तोच झेंडू पुढच्या लग्नाच्या मांडवावर. वामनराव पाहुण्यांना सांगत, "आमच्याकडं फुलं बी घरचीच."

जमुना आता ओळखीपाळखी नसलेल्या लग्नांतही मागच्या दारी हजर असे. कुणी नळ उघडा टाकून गेला की तिचा आवाज चढे. "बंद कर बापा! वापरलेलं पानी माहं हाये, सांडलेलं कोनाचंच नाई."

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना ज्येष्ठ अधिक आला.

भगवंतनं पंचांगाचं पान उलटलं, पुन्हा मागं घेतलं, चष्मा पुसला. "गीताची माय, या महिन्यात तिथीच नाई."

"एकबी नाई?"

"अधिकात लग्नं होतेत काय? धोंड्याचा महिना हाये. महिनाभर कार्यालयाले कुलूप."

जमुनानं पंचांग त्याच्या हातून ओढून घेतलं. ज्येष्ठात लग्नांची रांग लागणार म्हणून तिनं यंदा झेंडू दुप्पट लावला होता. रोपं आत्ताशी कुठं कळीला आली होती. ऊन असं की दुपारी चपलेचा तळवा डांबराला चिकटे. विहिरीत कासवाचीही जागा कोरडी पडली होती, बोअर नुसता फुसफुसत होता. हौदात उरलं होतं ते आठवडाभर पुरलं असतं, त्यानंतर कळ्या करपणार.

दुपारी लिंबाच्या सावलीत शकुन शेंगा सोलायला आली. तिचं वेगळंच रडगाणं. "दोन दोन जवाई हायेत माहे. धोंड्याचं जेवन घालाच लागते, तेल लावून न्हाऊ घालाच लागते. घर एवढंसं, न्हानी बाहेर, अन् कूलर बंद. एकाले बोलावलं तं दुसरा रुसते. दोघाईले बोलावलं तं बसवू कुठं? या गल्लीत सगळ्याईचं हेच रडनं हाये."

जमुनाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"शकुन, काय म्हनली तू? न्हाऊ घालाच लागते?"

"मंग? रीतच हाये."

"सगळ्याईले?"

"सगळ्याईले." शकुननं वर पाहिलं. मैत्रिणीच्या डोळ्यांत काहीतरी चमकत होतं, आणि ते तिला बरं वाटलं नाही. "काहून वो? जमने, कुठं चालली? अवो, शेंगा!"

जमुना तोवर धुरा ओलांडून पार झाली होती. वामनराव रिकाम्या कार्यालयात पंख्याखाली आडवे झाले होते. तिनं एका दमात सांगून टाकलं. गल्लीतल्या, आसपासच्या, सगळ्या जावयांचं धोंड्याचं न्हाण आणि जेवण एकाच दिवशी, इथं, कार्यालयात. ज्याच्या त्याच्या सासूनं शिधा आणायचा, सगळ्यांनी मिळून रांधायचं. वामनभाऊंनी जागा आणि नळाचं पाणी द्यायचं. पाणी जाताना तिच्या वाफ्यातून जाईल.

वामनराव उठून बसले. "जमुनाबाई, म्हंजे पान्यासाठी पानी खर्च करता काय?"

"खर्च कसा? हे जवाई घरी न्हातीनच ना? घरोघरी न्हाले तं ते पानी घरोघरच्या नालीत जाईन. इथं न्हाले तं त्याच पान्यावर झेंडू फुलन." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "अन् वामनभाऊ, तुमचे बी तीन जवाई हायेत."

वामनरावांनी कपाळाला हात लावला. तीन जावयांची आठवण त्यांनी महत्प्रयासानं टाळली होती. "हाव," ते म्हणाले. "करा काय कराचं ते."

बातमी गल्लीतून निघाली ती थांबेचना. चांदूर रेल्वेचे जावई आले, अकोल्याचे आले, एक तर चिखलदऱ्याला हॉटेलात काम करणारा, तिकडची थंड हवा सोडून अमरावतीच्या भट्टीत न्हायला आला. सगळ्यांत मोठा मान रामरावांचा. वय पंच्याहत्तरीचं, नातवंडंवाले. पण त्यांच्या सासूबाई अजून होत्या, नव्वदीच्या, आणि त्यांचा हट्ट होता की आपलाही जावई न्हाऊ घालायचा. दोघांनाही खुर्चीवरून आणलं. अधिकात बँडवाल्यांनाही काम नव्हतं; ते नुसतं जेवायला म्हणून आले आणि सवयीनं वाजंत्री घेऊन आले.

जमुनानं एकच नियम ठेवला होता, साबण नाही. बेसन, हळद, रिठे आणि तेल, तेही बेतानं. मागच्या अंगणात पाटांची रांग, पाटांवर पंचे नेसून बसलेले जावई, कुणी पोटाळ, कुणी हाडकुळा, सगळे नजर जमिनीला लावून. सासवांनी टाळूवर तेलाचं बोट टेकवलं, कुंकू लावलं, आणि चोळायचं काम साळ्यांकडं सोपवलं. तिथं खरी मजा झाली. मेहुण्यांनी बहिणींच्या वतीनं वर्षावर्षांचे हिशेब बेसनानं चुकते केले.

"अबे हळू! चमडी निंगन!"

"माह्या बहिणीले मायेरी पाठवत नाई म्हनते तू? थांब, कान राह्यले तुहे!"

बँडवाल्यानं वरातीची चाल धरली. तांब्यामागून तांब्या डोक्यावर रिकामा होऊ लागला. रामराव गुदगुल्या होऊन असे हसत सुटले की त्यांच्या सासूबाईही खुर्चीत डुलू लागल्या.

जमुना मात्र मळ्यात, वाफ्याच्या तोंडाशी उकिडवी बसली होती. पाइपातून हळदीच्या रंगाचं पाणी आलं, तिनं टाळी वाजवली. धार मोठी झाली, तिनं भगवंतच्या पाठीत धपका घातला. आणि मग धार बारीक झाली. करंगळीएवढी. मग थेंब. मग काहीच नाही.

"चोंदला!" जमुना ओरडली. "बेसनानं चोंदला! अहो, तिकडं अंगनात तळं होईन आता!"

अंगणात तळं होतच होतं. पाट तरंगायला लागले, सासवा लुगडी वर धरून पळाल्या, बँडवाला मात्र वाजवतच राहिला. रांगेतल्या शेवटच्या पाटावर नितेश बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत बेसनानं पिवळा. त्याला कुणी बोलावलं नाही. त्यानं नुसती मान वळवून नालीकडं पाहिलं, उठला, पंचा आवळला आणि तसाच पिवळाधमक धावत सुटला. जाळीपाशी पालथा पडून त्यानं खांद्यापर्यंत हात पाइपात घातला. आतून बेसनाचा एक गोळा निघाला, मग रिठ्यांच्या साली, मग झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा, आणि सगळ्यांत शेवटी नितेशच्या मुठीत एक वस्तू आली. त्यानं ती उंच धरली. कवळी.

"कोनाची हाये?" नितेश म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला होता.

सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडं पाहिलं. रामरावांनी स्वतःच्या तोंडात बोट घालून पाहिलं आणि बोळक्यानं म्हणाले, "माही फं!"

त्याच क्षणी पाइपानं एक मोठा ढेकर दिला आणि तुंबलेलं सगळं पाणी सुटलं. इकडं नितेश न्हाऊन निघाला, तिकडं वाफ्याच्या तोंडाशी बसलेली जमुना. हळदीच्या पाण्यानं निथळत, चिखलात फतकल मारून ती हसत राहिली. उठायला गेली की पुन्हा हसू यायचं आणि ती पुन्हा बसायची. भगवंत तिला ओढून काढायला गेला आणि तोही बसला.

पंगत बसली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. पळसाच्या पत्रावळीवर पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, अनारसे, वडे-भात, कैरीचं पन्हं. नितेशच्या पाटाभोवती गीतांजलीनं रांगोळी घातली होती. जमुना कोरडं लुगडं नेसून आली आणि त्याच्यापुढं बसली.

"जवाईबापू, लगन झाल्यापासून दर सनाले तुमाले मातीतच उतरवलं. आज तं मान कराचा होता. आज बी उतरले तुमी."

नितेशनं हातातला घास पत्रावळीवर ठेवला. "मामी," तो म्हणाला, "दुकानात मी दिवसभर पाइप विकतो. लोक घेऊन जातेत. पुढं त्यातून काय जाते, कुठं जाते, मले कधी दिसत नाई. इथं मले दिसते."

एवढं मोठं भाषण त्यानं लग्नातही केलं नव्हतं. जमुनानं तुपात भिजलेला आख्खा धोंडा त्याच्या तोंडात कोंबला.

पण जेवणं आटोपायच्या आत नवीनच बखेडा उभा राहिला. इतका वेळ वाढणाऱ्या सुना-मुली एका कोपऱ्यात जमल्या होत्या. त्यांच्यातली नीलम, वामनरावांची सून, कमरेवर हात ठेवून पुढं आली. "मामंजी, जवायाईचं झालं. आमाले कोन न्हाऊ घालते? आमाले कोन वाढते?"

पंगतीतल्या पुरुषांनी पन्ह्याचे पेले तोंडाला लावले. आणि जमुनाचे डोळे पुन्हा तसेच चमकले.

"पुढच्या सोमवारी!" ती ओरडली. "सुनाईचा दिवस! रांधनं, वाढनं, भांडे घासनं, सगळं गड्याईकडं!"

तो सोमवारही झाला. सासवांनी सुनांची डोकी रिठ्यानं धुतली, काहींनी तर लग्नानंतर पहिल्यांदाच. पुरुषांनी वरण करपवलं, आणि ते डेग घासायला इतकं पाणी लागलं की हौद काठोकाठ भरला. मग माहेरवाशिणींचा दिवस झाला. मग कुणाचं डोहाळजेवण तिथं आलं, कुणाचं बारसं. वामनरावांचं कार्यालय अधिकात एक दिवसही नीट बंद राहिलं नाही. झेंडूला एकाआड एक दिवस पाणी मिळालं. अधिक संपला तेव्हा मळा असा पेटला होता की रस्त्यानं जाणारे मोटारसायकलवाले वेग कमी करून पाहायचे. पहिल्या लग्नाचा मांडव, दुसऱ्याचा, तिसऱ्याचाही त्याच झेंडूनं सजला. नवरदेवाला हार घातला तेव्हा भगवंत हळूच म्हणाला, "या पोराले मालूम नाई, किती जवाई याच्या गळ्यात हायेत."

आणि हे अकोल्यात कळलं. गीतांजलीच्या गल्लीजवळ एका कार्यालयाच्या मालकानं नितेशला दुकानात गाठून विचारलं, तुमच्या सासूबाई एकदा येऊन जागा पाहतील का? नितेशनं मान हलवली.

दुसऱ्याच दिवशी जमुना सकाळच्या एसटीनं निघाली. भगवंतला खिडकी दिली नाही, स्वतः बसली. वाटेत रस्त्याकडेला दिसणारं प्रत्येक कार्यालय, प्रत्येक वसतिगृह, गाड्या धुण्याचं प्रत्येक दुकान ती मान वळवून वळवून पाहत होती, आणि दर वेळी भगवंतच्या गुडघ्यावर चापटी मारत होती. "पाहा! पाहा हो, किती चाललं वाहून!" अकोल्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत त्याचा गुडघा लाल झाला होता.

मुलीच्या घरी न जाता ती सरळ त्या कार्यालयातच शिरली. गीतांजली धावत आली. मालकानं चहा मागवला, खुर्ची पुढं केली.

"माय, बस ना. पह्यले चहा तं घे," गीतांजली म्हणाली.

"चहा मंग घेतो," जमुना पदर खोचत म्हणाली. "पह्यले हे कप कुठं धुतेत ते दाखव."